पथकप्रमुख झाल्यावर पथकाचे वळण कसे ओळखावे आणि कसे बदलावे?

मुठाकाठचा (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार.

पुण्यातील एका मध्यम आकाराच्या ढोल-ताशा पथकात मी बरीच वर्षे वादक आहे. ज्या दादांनी हे पथक उभे केले, त्यांनी यंदा पाडव्यानंतरच्या बैठकीत प्रमुखपद सोडले आणि सर्वानुमते ते माझ्याकडे आले. वाद्यांची डागडुजी, गणेश मंडळांशी बोलणी, परवानग्या, सरावाची जागा ही कामे मी पूर्वीपासून पाहत आलो आहे आणि त्यांची मला विशेष धास्ती नाही. धास्ती आहे ती पथकाला लागलेल्या वळणाची. ते कोणी ठरवून लावलेले नाही आणि बैठकीत त्याविषयी कधी चर्चाही होत नाही.

दरवर्षी जूनअखेरीस नावनोंदणी सुरू झाली की नवीन मुलेमुली मोठ्या संख्येने येतात, हाताला फोड येईपर्यंत सराव करतात, विसर्जनाच्या मिरवणुकीत मनापासून वाजवतात आणि पुढच्या वर्षी त्यांतील निम्म्याहून अधिक जण तोंडही दाखवीत नाहीत. विचारले तर नोकरी, परीक्षा, घरची अडचण अशी उत्तरे मिळतात. ती खोटी नसावीत, पण पुरीही नसावीत. जुने वादक सरावाला उशिरा येतात आणि आल्याबरोबर पहिल्या रांगेत उभे राहतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. मिरवणुकीत गर्दी आवरायला पथकाभोवती दोरी धरणे, टेम्पोत ढोल चढवणे-उतरवणे, वादकांना पाणी देणे ही कामे नव्यांकडे आणि त्यांतही गरीब स्वभावाच्या मुलांकडे जातात. मुली ध्वजावर आणि झांजेवर बऱ्याच आहेत, ढोलावर थोड्या आहेत आणि ताशावर एकही नाही. वास्तविक तसा नियम आमच्याकडे कधीच नव्हता. वादनात कोणाचा हात चुकला तर ताशाप्रमुख सर्वांसमोर आईवडिलांचा उद्धार होईल अशा भाषेत बोलतात, आणि जुन्यांना त्याचा अभिमान आहे. ‘आम्हीही हेच ऐकून शिकलो’ असे ते सांगतात.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर चित्र एकांगी होईल. याच पथकातील एका वादकाचे वडील अचानक गेले, तेव्हा रात्रभर रुग्णालयात आणि पहाटे स्मशानात पथकातलेच लोक उभे होते. कोणाची नोकरी गेली तर त्याच्यासाठी शब्द टाकणारे, कोणाच्या बहिणीच्या लग्नात पंगत वाढायला उभे राहणारे हेच लोक आहेत. हे मला गमवायचे नाही.

कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे असे की नियमावली छापावी, प्रत्येकाची सही घ्यावी आणि उशिरा येणाऱ्याला दंड ठेवावा. मला त्यात तथ्य वाटते, पण शंकाही वाटते, कारण ‘पथकात सर्व समान’ हे वाक्य आमच्या नोंदणीच्या अर्जावर आजही छापलेले आहे. तेव्हा माझी विचारणा अशी की, आत राहून वाढलेल्या माणसाने आपल्याच गटाची खरी रीत कशी ओळखावी, आणि बदलायला कोठून सुरुवात करावी? दादा आजही रोज सरावाला येतात, हेही लक्षात घ्यावे.

ध्वजधारिणी

आपण पथकाची चांगली आणि वाईट अशी दोन्ही लक्षणे लिहिलीत हे बरे केले, कारण ती बहुधा एकाच मुळातून आलेली असतात. रुग्णालयात रात्र काढणारे आणि नव्या मुलाला दोरीवर उभा करून विसरून जाणारे लोक तेच आहेत. ‘आपला’ कोण याची त्यांची रेघ पक्की आहे. नवीन माणूस ती रेघ केव्हा ओलांडतो, हे मात्र कोणी सांगत नाही आणि बहुधा कोणाला सांगताही येणार नाही. म्हणून जुन्यांना माणुसकी शिकवायला जाऊ नका. ती त्यांच्याजवळ आहे, तिची हद्द तेवढी वाढायला हवी.

मी एका पथकात आधी ध्वजावर होते आणि पुढे काही वर्षे कार्यवाह होते. रीत ओळखायची असेल तर प्रत्यक्ष वादनाकडे कमी आणि सराव संपल्यानंतरच्या पाऊण तासाकडे अधिक लक्ष द्या, असे मी सुचवीन. शेवटची शिट्टी झाली की कोण ढोल कमरेवरून सोडून जमिनीवर तसाच ठेवतो आणि कोण तो उचलून जागेवर नेतो, ताडपत्री कोण ओढतो, टिपऱ्या मोजून कोण बांधतो, आणि तेवढ्या वेळात कोण दुचाकीवर बसून गप्पा मारीत असतो, हे सलग काही दिवस नुसते पाहावे आणि घरी जाऊन लिहून ठेवावे. पाऊस झाल्यावर तर अवश्य पाहावे. दमट हवेत चामड्याचे पान सैल पडते आणि ढोलाचा आवाज बसतो. मग दोऱ्या पुन्हा आवळाव्या लागतात. त्याला दोन माणसे लागतात, तळहात सोलतात आणि त्यात कौतुक काही नसते. आमच्याकडे हे काम वर्षानुवर्षे ठरावीक चौघेजण करीत होते आणि त्या चौघांपैकी एकालाही विसर्जन मिरवणुकीत अलका चौकात पहिल्या रांगेत वाजवायला मिळाले नव्हते. ही गोष्ट सर्वांना दिसत होती, पण कोणी ती मोठ्याने बोललेले नव्हते.

पथकात पगार नसतो आणि बढतीही नसते. त्यामुळे तेथे मान वाटण्याचे साधन एकच असते, ते म्हणजे जागा: कोण कोणत्या रांगेत, कोणत्या चौकात, कोणत्या मंडळाच्या वादनात. ही जागा ज्या कसोटीवर मिळते तीच तुमच्या पथकाची खरी नियमावली, अर्जावर काहीही छापलेले असो. जुनेपणावर जागा मिळत असेल तर लोक जुने होण्याची वाट पाहतात, आणि ज्यांना वाट पाहवत नाही ते निघून जातात. म्हणून मी तुमच्या जागी असते तर पहिला हात जागावाटपाला घातला असता. आम्ही एवढेच केले की दोरी आणि टेम्पो यांची पाळी सर्वांना लावली, कार्यकारिणीलाही लावली, आणि आदल्या वादनात ज्याने दोरी धरली त्याला पुढच्या वादनात पहिल्या दोन रांगांत जागा दिली. आमच्या प्रमुखांनी बेलबाग चौकात, जेथे सगळे कॅमेरे असतात, स्वतः दोरी धरली. भाषण कोणी केले नाही. कुरकुर मात्र झाली. एक चांगला ढोलवादक त्याच हंगामात पथक सोडून गेला आणि त्याची उणीव आम्हाला वाजवताना जाणवली, हेही सांगायला हवे. असा बदल फुकट होत नाही.

मुलींविषयी वेगळे लिहिते. ‘मुलींना ताशा जमत नाही’ असे कोणी म्हणत नसेल, तरी त्या ताशावर का नाहीत याचे कारण बऱ्याचदा घड्याळात सापडते. जुने वादक उशिरा येतात म्हणून सराव उशिरा रंगात येतो. ताशाचे बारकावे शेवटच्या तासात, मोजके लोक उरल्यावर शिकवले जातात, आणि तोपर्यंत लांब राहणाऱ्या मुली घरी गेलेल्या असतात. म्हणजे उशिरा येण्याची सवय हा नुसता शिस्तीचा प्रश्न राहत नाही. कोणाला काय शिकायला मिळते, हे त्या सवयीने परस्पर ठरून जाते. ताशाचा तास सरावाच्या सुरुवातीला आणून पाहा. सरावाच्या जागेजवळ स्वच्छतागृह आहे की नाही, तेही पाहा. या गोष्टी किरकोळ वाटतात, म्हणूनच त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर येत नाहीत.

शिवीगाळीबद्दल एवढेच की, प्रमुखाचे भाषण लोक विसरतात. तो कशावर चिडतो आणि कशाकडे डोळेझाक करतो, हे मात्र पक्के लक्षात ठेवतात. ताशाप्रमुखांना चारचौघांत टोकू नका, नाहीतर तुम्हीही तेच केले असे होईल. त्यांना आधी बाजूला घेऊन बोला, आणि पुढच्या वेळी ते घसरले तर त्याच क्षणी, शांतपणे, वादन थांबवा.

पेठकर

एवढा खोल विचार वाचून कौतुक वाटले, पण मला हे सगळे जड वाटते. पथक म्हणजे बँक नव्हे. तीन महिने सराव, दहा दिवस वादन, की संपले. वेळेवर आला तर ढोल मिळेल, उशिरा आला तर दोरी मिळेल, जुना असो की नवा: एक आठवडा हे काटेकोर पाळा, निम्मे प्रश्न सुटतील. जी मुले दुसऱ्या वर्षी येत नाहीत, त्यांतील कित्येकांना मिरवणुकीतला एक फोटो हवा होता आणि तो मिळाला. त्यांच्यासाठी किती रडायचे?

वाखरी

पेठकर यांची सूचना सोपी आहे म्हणून चुकीची ठरत नाही. फक्त ती पाळायची कोणी आणि मोडली तर बोलायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. त्या अनुषंगाने मी वारीचा एक दाखला देतो. तो पथकाला जसाच्या तसा लागू पडणार नाही, पण गटाची रीत एखाद्या माणसाने घडवली आणि त्याच्या पश्चात ती टिकली, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. ते ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. लष्करातली शिस्त त्यांनी सोहळ्यात आणली, पण ती आणताना वारकऱ्यांच्या भजनाला, टाळ-मृदंगाला आणि दिंडीच्या मूळ घडणीला धक्का लावला नाही. प्रत्येक दिंडीला क्रमांक आणि जागा ठरली. रथापुढे 27 दिंड्या आणि बाकीच्या रथामागे, ही मांडणी आजही पाळली जाते, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आजही सोहळ्यात चालतात. लाखो माणसे चालत असताना आपली जागा कोठे, हा वाद रोज नव्याने घालावा लागत नाही.

मला विशेष महत्त्वाची वाटते ती संध्याकाळची समाजआरती. मुक्कामाच्या तळावर दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळांचा गजर चालू असतो, आणि चोपदार चोप उंच करून पुकारा करतात. त्याबरोबर सगळा तळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, निवाडा करतात, आणि सगळे टाळ थांबले की हरवल्या-सापडल्या वस्तूंची माहिती व दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते. त्यानंतर आरती होते. म्हणजे तक्रार करणाऱ्याला उठून भाषण करावे लागत नाही, कोणाच्या कानाशी लागावे लागत नाही, आणि त्याचे ऐकून घेतल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. इतक्या मोठ्या समुदायात हे चालते याचे कारण मला असे दिसते की, तक्रारीची वेळ आणि तिची खूण रोजच्या कार्यक्रमातच बसवलेली आहे. तक्रार करणे हे बंड ठरत नाही.

मुठाकाठचा, आपल्या पथकात एखाद्या नव्या मुलीला ताशाप्रमुखांविषयी काही सांगायचे असेल, तर ती नेमके काय करील? व्हॉट्सॲपच्या समूहावर लिहील तर भांडण होईल, आपल्याला एकटे गाठील तर चहाडी ठरेल, आणि बैठकीत बोलायचा तिला हक्क आहे की नाही हेच तिला माहीत नसेल. मग तिच्याजवळ एकच मार्ग राहतो, पुढच्या वर्षी न येण्याचा. सराव संपताना पाच मिनिटे, रोज, ठरावीक माणसाने उभे राहून ‘कोणाचे काही आहे का’ असे विचारावे आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्या दिवशीची शेवटची घोषणा होऊ नये, एवढे जरी केलेत तरी पुष्कळ. पहिले काही दिवस कोणी बोलणार नाही. कोणीतरी ढोलाचा पट्टा टोचतो असे सांगेल. तो पट्टा दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेला दिसला, की पुढची तक्रार येईल.

दादांबद्दलही वारीतच सुचण्यासारखे आहे. आळंदीच्या मंदिराच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे आणि कार्तिकी वारीचा सोहळा त्या पायरीच्या पूजनाने सुरू होतो. संस्थापकाचा मान अगदी पहिला आहे आणि त्याची वेळ व जागाही ठरलेली आहे. जिवंत संस्थापकाला अशी जागा देणे अवघड, हे मला मान्य आहे. परंतु ती दिली नाही तर तो माणूस सर्वत्र असतो आणि नव्या प्रमुखाला कोठेच उभे राहता येत नाही.

मुठाकाठचा

सर्वांचे आभार. ध्वजधारिणी यांनी सांगितल्याप्रमाणे सरावानंतर नुसता बसून पाहत आहे. ज्या मुलाला आम्ही आळशी समजत होतो तो सर्वांत शेवटी जातो आणि ताशाच्या काड्या पुसून ठेवतो, हे मला आतापर्यंत दिसलेच नव्हते. तो आळशी ठरला कारण तो बोलत नाही आणि वाजवताना नाचत नाही.

आता अडलेले दोन मुद्दे. पहिला, दादांना मान द्यायला कोणाचीच ना नाही, पण सरावात मी एखाद्याला मागच्या रांगेत पाठवले की तो थेट त्यांच्याकडे जातो, आणि दादा प्रेमाने ‘जाऊ दे रे, आपलाच आहे’ म्हणून त्याला पुन्हा पुढे आणतात. दुसरा, हिशेब. वादनाच्या सुपारीचे, म्हणजे मानधनाचे, किती आले, ढोलांच्या पानांवर आणि टेम्पोवर किती गेले, हे दोघांनाच ठाऊक असते. कोणी पैसे खाल्ले असे मला मुळीच वाटत नाही, पण विचारणाऱ्याला संशयी ठरवले जाते. हा विषय आत्ता काढावा की आधी शिस्तीचे बघावे?

नगरकर

हिशेब आधी. माझ्या जिल्ह्यातले उदाहरण देतो, कारण ते मी जवळून पाहिलेले आहे.

हिवरे बाजारची आजची कीर्ती सर्वांना माहीत आहे, पण 1989 मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले, तेव्हा दारू, भांडणे आणि कामासाठी गाव सोडून जाणे हीच त्या गावाची ओळख होती. बाहेरचे लोक त्या गावाच्या नियमांचे कौतुक करतात: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान वगैरे. ते नियम कोणत्या क्रमाने आले आणि कोठे ठरले, हे फारसे सांगितले जात नाही. सुरुवातीच्या कामांत शाळा होती, जिला कोणाचाच विरोध नव्हता आणि जिच्यासाठी लोकांनी स्वतः राबून दिले. भांडणाऱ्या दोन बाजूंना एकत्र घाम गाळायला लावणारे काम आधी, आणि ज्यात कोणाला तरी काही सोडावे लागते ते काम नंतर. निर्णय ग्रामसभेत झाले. आणि आजही पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती, हे मोजून पाण्याचा ताळेबंद सर्वांसमोर मांडतात आणि त्यावरून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ठरते. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस आणि केळी नाही, हे निर्बंध लोक सहन करतात, याचे एक मोठे कारण मला हे वाटते की आकडा कोणा एकाच्या वहीत नसतो.

तुमच्या पथकात हिशेब मांडणे हे शाळेसारखे काम आहे. त्यात कोणाची जागा जात नाही, आणि कोणी चोर नाही असे तुम्हीच म्हणता. ज्या दोघांकडे वही आहे, त्यांच्याच हस्ते, ‘यंदापासून सर्वांना दाखवायचे ठरले’ अशा शब्दांत, नावनोंदणीच्या दिवशी फलकावर लावा: गेल्या वर्षी आलेले, गेलेले, शिल्लक. मागचे उकरू नका. ढोलाचे पान किती रुपयांना येते हे ज्याला कळले, तो ढोल जमिनीवर आपटताना एकदा तरी विचार करतो. शिवाय पैशाच्या बाबतीत लपवाछपवी नाही असे दिसले की जागावाटपातही ती नाही यावर लोक विश्वास ठेवू लागतात. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक बदलामागे तुमचा काहीतरी डाव आहे असे बोलले जाईल.

दादांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. ते प्रेमाने जे करतात, त्यामुळे तुमचे पद रोज थोडे थोडे रिकामे होत आहे, आणि हे त्यांना बहुधा माहीतही नाही. त्यांच्या घरी जाऊन बसा. पथकाच्या अडचणी सांगू नका. पथक उभे करताना त्यांनी पहिल्या वर्षी काय काय नाकारले होते ते विचारा. संस्थापकांनी नाकारलेल्या गोष्टी फार बोलक्या असतात, कारण स्वीकारलेल्या गोष्टी पुढे सवयीच्या होतात. कदाचित त्यांनीच पहिल्या वर्षी उशिरा आलेल्या जिवलग मित्राला परत पाठवले असेल. तसे निघाले तर ती गोष्ट त्यांनीच, तुमच्या शेजारी उभे राहून, सर्वांना सांगावी अशी विनंती करा. नवी रीत जुन्या आठवणीतून आलेली दिसली तर ती परकी वाटत नाही. तसे काही निघाले नाही, तर मात्र स्पष्ट मागणी करा: ‘सराव चालू असताना कोणी तुमच्याकडे आला, तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी चुकलो असेन तर सराव संपल्यावर मला कान धरून सांगा.’ बहुतेक थोर माणसे एवढे ऐकतात.

आणखी एक. तुमच्या पथकाचे खरे रूप शोधायला फार लांब जावे लागणार नाही, 2024 चा गणेशोत्सव आठवा. ऑगस्टच्या अखेरीस राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकांना 30 जणांची मर्यादा घातली आणि 12 सप्टेंबरला, गणपती बसल्यानंतर, सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. मधल्या त्या जेमतेम दोन आठवड्यांत प्रत्येक पथकाला निदान मनातल्या मनात ठरवावे लागले की तीसच जण उतरवायचे झाले तर ते कोण. तुमच्याकडे ती यादी कोणी केली? कोणाची नावे चर्चेशिवाय आली? चिठ्ठ्या टाकण्याची सूचना कोणी केली होती का, आणि केली असेल तर ती हसण्यावारी नेली का? शांत काळात प्रत्येक गट आपल्याविषयी बरे बोलतो. जागा कमी पडली की जे झाले, ते कागदावर लिहून काढा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथे आहे.

पेठकर

तीस जणांच्या यादीचा मुद्दा मान्य. आमच्याकडे ती यादी दहा मिनिटांत तयार झाली होती आणि तिच्यात एकही मुलगी नव्हती. तेव्हा ते कोणाच्या लक्षातही आले नाही, माझ्याही.

एकदाच वाजवले

मी येथे सहसा लिहीत नाही, पण ‘एक फोटो हवा होता आणि तो मिळाला’ हे वाचून लिहावेसे वाटले. मी पिंपरी-चिंचवडच्या बाजूच्या एका पथकात एक हंगाम ढोल वाजवला आणि पुन्हा गेलो नाही. मुठाकाठचा यांना जे पुरे उत्तर मिळत नाही, ते मी देऊ शकेन असे वाटते.

ओरडा बसला म्हणून मी सोडले नाही. ताशावाले दादा ओरडत, पण ते सर्वांवरच ओरडत, आणि वादनातला तिसरा हात, म्हणजे तिसरा ठेका, मला त्यांच्यामुळेच जमला. दोरी धरली याचेही वाईट वाटले नाही. कोणीतरी धरायलाच हवी. वाईट वाटले ते असे की, सगळा सराव झाला तरी माझे नाव फार तर चार-पाच जणांना ठाऊक होते आणि बाकीचे ‘ए नवीन’ म्हणत. विसर्जनाची मिरवणूक सकाळी संपली तेव्हा जुने लोक मिसळ खायला गेले आणि आम्ही नवे टेम्पोपाशी ढोल मोजत राहिलो. कोणी मुद्दाम टाळले असे नव्हे. त्यांच्या डोक्यातच आले नाही. पुढच्या जूनमध्ये नावनोंदणीचा संदेश समूहावर आला, जो शेकडो जणांना एकदमच गेलेला होता. कोणी फोन केला असता तर मी गेलो असतो, इतके ते साधे होते.

मी आता जेथे नोकरी करतो, तेथे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक जुना माणूस जोडून देतात आणि तीन महिने त्याच्या जेवणाची वेळही त्याच्याबरोबर ठरवतात. पथकात हे सहज होऊ शकेल: एका जुन्या वादकाकडे दोन नवे, आणि ते दोघे पुढच्या वर्षी आले की नाही याचा जाब त्या जुन्याला. पहिल्या रांगेतली जागा द्यायची कसोटीही त्यातून मिळेल, ध्वजधारिणी म्हणतात तशी. ज्याचे दोन्ही नवे परत आले, तो पुढे.

आणि मुठाकाठचा यांना एक विचारायचे आहे. आमच्या पथकात खंडेनवमीला वाद्यांची पूजा होत असे आणि नंतर जेवण असे. हे मला त्या रात्री व्हॉट्सॲपवरचे फोटो पाहून कळले, तेही मिरवणुकीला महिना उलटला नसताना. आपल्याकडे त्या दिवशीचे निरोप कोण देते आणि कोणाकोणाला देते, ते एकदा तपासून पाहाल का?